२०१५ मधील माझे आवडते चित्रपट : कामावर गेलेली माणसे

बदलीपात्र | ३ जानेवारी २०१६

चित्रपटाची तिकिटे जपून ठेवण्याची मला जुनी खोड आहे. डिसेंबर संपता संपता बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडायचा आणि वर्षभरात काय पाहिले याचा हिशेब मांडायचा, असा माझा नेम. यंदा एकतीस तिकिटे निघाली. त्यांतील सात तिकिटांवरची छपाई उडून कागद कोरा झाला होता आणि डोक्याला कितीही ताण दिला तरी ते चित्रपट कोणते होते हे काही आठवेना. त्यांना यादीत जागा नाही, हे न्यायाचेच म्हणावे लागेल.

उरलेल्या चोवीसांतून आवडते निवडताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मला जे चित्रपट मनापासून आवडले, त्यांतील जवळजवळ प्रत्येकात माणसे कामावर जाताना दिसतात. आपल्या चित्रपटांतला नायक वकील किंवा इंजिनिअर असल्याचे सुरुवातीला एकदा सांगितले जाते आणि पुढचे दोन तास तो त्या व्यवसायाकडे फिरकतही नाही. या वर्षी मात्र काही दिग्दर्शकांनी माणसाच्या कामाकडे नीट, वेळ देऊन पाहिले. मी स्वतः शासकीय कार्यालयात लेखा विभागात तेवीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे कदाचित मला हे अधिक जाणवले असेल. ज्यांनी हे चित्रपट अजून पाहिलेले नाहीत त्यांनी जपून वाचावे, कारण काही ठिकाणी कथेतील वळणे उघड झाली आहेत.

पहिला क्रमांक निर्विवादपणे 'कोर्ट'चा. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिलाच चित्रपट. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले, गेल्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि १७ एप्रिलला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. एवढ्या विलक्षण आरोपावर खटला चालतो, आणि तो चालवणारी सगळी माणसे किती साधी, किती ओळखीची आहेत हे दाखवत चित्रपट पुढे सरकतो. गीतांजली कुलकर्णी यांची सरकारी वकील युक्तिवाद आटोपते, लोकलने घरी निघते, वाटेत साडीविषयी आणि नवऱ्याच्या पथ्यपाण्याविषयी बोलते, घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जाते आणि परप्रांतीयांवरच्या विनोदांना सर्वांबरोबर हसते. ती दुष्ट नाही. तिला ऑफिसचे काम संपवायचे आहे, आणि त्या कामात एक माणूस तुरुंगात खितपत पडतो. माझ्या टेबलावरच्या फायलींमध्येही माणसेच असतात, हे मला त्या दिवशी चित्रपटगृहात बसून आठवले, आणि ते काही सुखाचे नव्हते.

मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष हा माझ्या दृष्टीने वर्षातील सर्वांत मोठा प्रसंग आहे. ती अगदी सपाट आवाजात, विचारले तेवढेच सांगते. नवरा गटारात उतरण्यापूर्वी आत खडा टाकून बघायचा. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचा. वासाने जीव नकोसा होतो म्हणून दारू प्यायचा. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. संरक्षक साधन कधी मिळाले नाही. पार्श्वसंगीत नाही, चेहऱ्यावर झेपावणारा कॅमेरा नाही, कोणी डोळे पुसत नाही. नंतर बचाव पक्षाचा वकील तिला गाडीतून सोडायला जातो आणि पैसे देऊ करतो, तेव्हा ती पैसे घेत नाही, काही काम असेल तर सांगा म्हणते. त्या एका वाक्यानंतर मी काही वेळ पडद्यावर काय चालले आहे याकडे लक्षच देऊ शकले नाही.

दुसरा 'किल्ला'. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनही केले आहे आणि छायाचित्रणही. वडील गेल्यानंतर आईची पुण्याहून कोकणात बदली होते आणि अकरा वर्षांचा चिन्मय तिच्यामागून नव्या शाळेत जातो, एवढीच गोष्ट. कोकणातला पाऊस यापूर्वी अनेकांनी दाखवला आहे, पण भिंतींना ओल धरल्यावर घराला जो एक कुबट वास येतो तो पडद्यावर दिसू शकतो हे मला नव्याने कळले. चिन्मयचे एकटेपण सर्वांनीच वाखाणले आहे. मी मात्र अमृता सुभाष यांच्या आईकडे पाहत होते. नव्या कार्यालयातील पहिला दिवस, टेबलापलीकडून आपल्याला जोखणाऱ्या नजरा, एका फायलीवरून येणारे दडपण, आणि हे सगळे घरी मुलाला सांगता येत नाही म्हणून जेवताना पसरलेली शांतता. माझी पहिली बदली झाली तेव्हा माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याने तीन महिने माझ्याशी धड संवाद केला नाही. मला वाटत होते की तो हट्टी आहे. 'किल्ला' आम्ही दोघांनी शेजारी बसून पाहिला, मुले किल्ल्यावर सायकलींची शर्यत लावतात आणि पावसात चिन्मय एकटा मागे राहतो, त्या प्रसंगी आता एकवीस वर्षांचा असलेला माझा मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, मलाही असंच वाटायचं." इतक्या वर्षांनी.

तिसरा 'ख्वाडा'. भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून हा चित्रपट केल्याचे सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचलेच आहे, परंतु त्या त्यागाकडे पाहून कोणी चित्रपटाला गुण देऊ नयेत, त्याची गरजही नाही. ज्याची हक्काची जमीन गेली आहे असा धनगर म्हातारा मेंढरे घेऊन गावोगाव फिरतो, आणि त्याच्या धाकट्या मुलाला, बाळूला, कुस्ती खेळायची आहे, लग्न करायचे आहे, कुठेतरी एका जागी राहायचे आहे. शशांक शेंडे यांचे बोलणे, चालणे, मेंढराकडे पाहणे यांत कुठेही नट दिसत नाही. शेवटची मारामारी मला थोडी लांबलेली वाटली. पण उघड्या माळावर पडलेला बिऱ्हाडाचा पसारा, आणि रात्री कुत्रे भुंकले की झोपेतच उठून बसणारी माणसे, हे आजवरच्या आपल्या ग्रामीण चित्रपटांत कुठे होते?

हिंदीत 'मसान' आणि 'दम लगा के हैशा'. नीरज घायवान यांच्या 'मसान'मध्ये दीपक डोम कुटुंबातला आहे. घाटावर चिता रचणे हे त्याच्या घरचे काम. रोजच्यासारखे काम सुरू असताना समोर आलेल्या एका प्रेताच्या बोटातली अंगठी त्याला ओळखू येते. जे हात रोज परक्यांसाठी करतात तेच त्या रात्री आपल्या माणसासाठी करायची वेळ येते, आणि हे सांगायला दिग्दर्शकाला एकही मोठे वाक्य लागत नाही. 'दम लगा के हैशा' त्या मानाने हलकाफुलका. १९९५ चे हरिद्वार, कॅसेटमध्ये गाणी भरून देणारे दुकान, आणि बी. एड. झालेली, स्वतःची किंमत ओळखून असणारी बायको. भूमी पेडणेकर यांचा हा पहिला चित्रपट आहे यावर विश्वास बसत नाही. कॅसेटची फीत बाहेर आली की पेन्सिलीने ती परत गुंडाळण्यात ज्यांची दुपार गेली आहे, त्यांनी तो अवश्य पाहावा.

'पिकू' आवडला, 'डबल सीट' आवडला, 'तलवार' पाहून झोप उडाली. 'हायवे' मला अर्धा आवडला. द्रुतगती मार्गावरच्या इतक्या गाड्यांत बसवलेल्या इतक्या माणसांपैकी तिघा-चौघांनाच नीट भेटता आले. 'बाजीराव मस्तानी'चे आरसे फार सुंदर आहेत.

आता जो चित्रपट या यादीत नसल्याबद्दल मला बोलणी खावी लागणार आहेत, तो 'कट्यार काळजात घुसली'. गाणी मी रोज ऐकते. पण ज्या गोष्टीचा सगळा जीव गाण्यात आहे त्या गोष्टीत गाणाऱ्यांचे काम, म्हणजे रियाज, पहाटेची मेहनत, एकच जागा शंभरदा घोटणे, हे मला फारसे दिसले नाही. कथेतल्या दोन प्रतिस्पर्धी गायकांपैकी पंडितजींचा आवाज जाण्यामागे त्यांना शेंदूर खाऊ घालण्याचे कारस्थान आणल्यामुळे दोन गायकींमधला प्रश्न गुन्हेगाराच्या शोधाइतका लहान झाला, असे माझे मत आहे. आपली मते वाचायला आवडतील.

---

नाट्यवेडा_सदाशिव | ३ जानेवारी

यादी उत्तम आहे, आणि 'कामावर गेलेली माणसे' हे सूत्र विचार करायला लावणारे आहे. 'कट्यार'विषयी मात्र तीव्र मतभेद नोंदवतो.

पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे मूळ नाटक १९६७ मधले. पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांनी रंगवलेले खाँसाहेब, म्हणजे पंडितजींचे प्रतिस्पर्धी गायक, हा योग ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवला, त्यांच्यापुढे कोणीही नवे काही ठेवायला धजावणे हेच मुळात धाडस होते. सुबोध भावे यांनी दिग्दर्शनाच्या पहिल्याच प्रयत्नात ते केले. वसंतरावांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी, पडद्यावरच्या खाँसाहेबांना आवाज दिला. दिवाळीत माझ्या पुढच्या रांगेत महाविद्यालयातली सहा-सात मुले होती. 'सुरत पिया की' सुरू झाल्यावर त्यांच्या हातातले मोबाईल बंद झाले. नाट्यसंगीताला एवढ्या तरुण प्रेक्षकांपुढे शेवटचे कधी जाता आले होते?

रियाज दिसत नाही हा आक्षेप मला मान्य नाही. पंडितजींचा शिष्य सदाशिव चोरून, आडून, नोकर म्हणून राहून विद्या मिळवतो, हा त्याचा रियाजच आहे. शेंदराच्या प्रसंगाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. ते टाळता आले असते.

---

बदलीपात्र | ३ जानेवारी

सदाशिवराव, पुढच्या रांगेतील मुलांचा मुद्दा मी विनाशर्त मान्य करते. माझे वडील पंच्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांनी वसंतरावांचे प्रयोग पाहिलेले आहेत. चित्रपट संपल्यावर ते रिक्षात एक शब्दही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी जुनी ध्वनिफीत शोधली आणि 'घेई छंद मकरंद' लावले. त्यांना चित्रपट आवडला की नाही, हे मला अद्याप समजलेले नाही.

---

तारीख_पे_तारीख | ४ जानेवारी

मी सत्र न्यायालयात वकिली करतो. 'कोर्ट'विषयी एक गोष्ट सांगतो, जी वकील नसलेल्या प्रेक्षकांच्या नजरेतून कदाचित सुटली असेल.

आत्महत्येस प्रवृत्त करणे हा चित्रपटाच्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०६ खाली दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा होता. इतका गंभीर आरोप असताना चित्रपटातील न्यायाधीश साक्षीदाराचे म्हणणे ऐकतात आणि स्वतःच्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात. साक्षीदार बोलतो ते मराठीत किंवा हिंदीत, कागदावर उतरते ते इंग्रजीत. आमच्याकडे हे रोज चालते. साक्षीदार हातवारे करून, अडखळत, रडत पाच मिनिटे बोलतो, आणि नोंदीत दोन कोरडी वाक्ये उरतात. पुढे अपिलात ती दोन वाक्येच साक्ष ठरतात. त्या बाईंनी सांगितलेल्या झुरळाचा त्या इंग्रजी नोंदीत किती अंश उतरला असेल, हा प्रश्न मला चित्रपट पाहताना सतत पडत होता.

बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून एका बाईंचे प्रकरण पुढे ढकलले जाते, तेव्हा चित्रपटगृहातले लोक हसले. आमच्या बाररूममधले कोणी हसले नसते. उन्हाळी सुट्टीपूर्वी न्यायालयाचे दालन रिकामे होत जाते आणि दिवे मालवले जातात, तो लांबच लांब प्रसंग पाहताना माझ्या शेजारच्या गृहस्थांना चित्रपट संपला असे वाटून ते उठले. खरा शेवट त्यांनी दारात उभे राहून पाहिला.

---

माळरान | ४ जानेवारी

'ख्वाडा'ची आठवण ठेवल्याबद्दल आभार. आमच्या भागात दिवाळी झाली की मेंढरांचे कळप येतात. शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतात, कारण लेंडीखतासारखे खत नाही, आणि त्याबदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. म्हणजे त्याचे येणे गावाला हवे असते. त्याने राहणे मात्र नको असते. वाटेवरच्या गावात दादागिरी करणारा सरपंच हा लेखकाच्या डोक्यातून निघालेला खलनायक नाही, तो अनेकांनी पाहिलेला आहे.

चित्रपटाचे ध्वनिमुद्रण चित्रीकरणाच्या जागीच केलेले आहे आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला आहे. त्यामुळे मेंढरांचा, वाऱ्याचा, भांड्यांचा आवाज कानाला खरा लागतो. तुम्हाला शेवटची मारामारी लांबलेली वाटली, परंतु आमच्या तालुक्याच्या गावी त्याच प्रसंगाला लोक उभे राहिले होते. दोन तास ज्याने सगळे गिळले तो बाळू अखेर हात उचलतो, त्याची वाट आम्ही पहिल्या प्रसंगापासून पाहत होतो.

---

बदलीपात्र | ४ जानेवारी

माळरान, तुमचा प्रतिसाद वाचून मारामारीबद्दलचे माझे मत थोडे सैल झाले. मी तो चित्रपट शहरात, जेमतेम अकरा प्रेक्षकांत पाहिला होता. चित्रपटगृह भरलेले असते तर कदाचित मलाही ती लांबी जाणवली नसती.

त्यावरून एक जुनी तक्रार. गेल्या एप्रिलमध्ये सरकारने मल्टिप्लेक्समध्ये सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याचे जाहीर केले, त्यावर बरेच रण माजले आणि शेवटी ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. त्याच महिन्यात मी 'कोर्ट' पाहायला निघाले, तेव्हा आमच्या जवळच्या एका चित्रपटगृहात त्याचा एकच खेळ होता आणि तो भर दुपारी. नोकरदार माणसांवरचा चित्रपट पाहण्यासाठी मला अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकावी लागली. रजेच्या अर्जात कारण 'घरगुती' असे लिहिले.

---

मांडवीकाठ | ५ जानेवारी

गोव्याहून लिहितो. आपल्या यादीत भाषेची अट नसेल तर 'नाचुंया कुंपासार' या कोंकणी चित्रपटाचा समावेश करावा अशी विनंती. बार्ड्रॉय बार्रेटो यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांची गाणी आमच्याकडे लग्नाच्या प्रत्येक मांडवात वाजतात. त्या गाण्यांच्या आधारे, मुंबईच्या क्लबांत आणि चित्रपटसंगीतात वाद्ये वाजवणाऱ्या गोमंतकीय कलावंतांच्या जगात ही गोष्ट उभी केली आहे.

आपल्या सूत्रात तो अगदी चपखल बसतो. हिंदी गाण्यांतला तो ट्रम्पेट, तो सॅक्सोफोन वर्षानुवर्षे आपण ऐकला, पण वाजवणाऱ्याचे नाव तबकडीवर क्वचितच असे. आमच्या गावातले एक वृद्ध वादक खेळ संपल्यावर खुर्चीतून उठलेच नाहीत. पडद्यावर नावे सरकून दिवे लागले, झाडू मारणारे आत आले, तरी ते चित्रपटातले शेवटचे गाणे बोटांनी खुर्चीच्या हातावर वाजवत होते.

---

हडसनकाठची_मावशी | ५ जानेवारी

'कोर्ट' गेल्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये लागला तेव्हा तो पाहण्याचा योग आला. बहुसंख्य प्रेक्षक अमराठी होते आणि उपशीर्षके वाचत होते. शाहिरीच्या प्रसंगात संभाजी भगत यांच्या संगीताचा जोर त्यांच्यापर्यंत पोहोचला, पण सरकारी वकिलाच्या घरातल्या मराठीतला तो ओळखीचा सूर, जो माझ्या थेट माहेरचा होता, त्याचे उपशीर्षक कसे करणार? नाटकातल्या विनोदावर सगळे चित्रपटगृह गप्प होते आणि मी हसले. हसले आणि लगेच ओशाळले, कारण आपण कशाला हसलो ते ध्यानात आले. ऑस्करसाठी भारतातर्फे गेलेला हा चित्रपट डिसेंबरच्या निवडक नऊ चित्रपटांत नव्हता याचे वाईट वाटले, आश्चर्य वाटले नाही.

---

पहिला_दिवस_पहिला_खेळ | ५ जानेवारी

यादीत 'नटसम्राट' कसा नाही? नाना पाटेकरांचा गणपतराव बेलवलकर पाहून आलो आहे आणि अजून सावरलेलो नाही.

---

बदलीपात्र | ६ जानेवारी

'नटसम्राट' १ जानेवारीला प्रदर्शित झाला, त्यामुळे तो पुढच्या वर्षीच्या डब्यात. रविवारच्या रात्रीच्या खेळाची तीन तिकिटे काढली आहेत; वडील येणार आहेत, मुलगाही येतो म्हणाला आहे.

मांडवीकाठ, भाषेची अट अजिबात नाही, हा चित्रपट पाहण्याची सोय कुठे होईल ते कृपया कळवावे. आणि वकीलसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून मी कार्यालयात एक गोष्ट करून पाहिली. निवृत्तिवेतनाच्या अडलेल्या प्रकरणासाठी काल एक आजी आल्या होत्या. त्यांचे सगळे म्हणणे ऐकल्यावर मी टिपणी लिहायला घेतली, आणि नेहमीप्रमाणे "अर्जदार यांनी समक्ष उपस्थित राहून विनंती केली" एवढेच लिहून हात थांबला. मग त्यांनी सांगितलेले, तीन वेळा एसटीने येऊन परत गेल्याचे, तारखांसह खाली लिहिले. साहेबांनी टिपणी वाचून विचारले, एवढे सविस्तर कशाला? मी म्हटले, राहू द्या.

फाईल आज पुढे गेली आहे.